आखूड शब्दांची भाऊबंदकी

लांब शब्दांची भीती बाळगण्याचे काहीएक कारण नाही, हे माझे मत मी आरंभीच नमूद करून ठेवतो. जर्मन भाषेची थट्टा करण्याची लहर ज्याला ज्याला येते तो प्रथम तिच्यातील हातभर लांबीच्या शब्दांकडे बोट दाखवतो. अमेरिकन विनोदकार मार्क ट्वेन याने १८८० साली आपल्या प्रवासवर्णनाच्या परिशिष्टात या भाषेवर जे मनसोक्त तोंडसुख घेतले, त्यातही या लांबीचा वाटा मोठा आहे. परंतु ज्या वाचकाने शाळेत असताना समासाचा विग्रह करून गुण मिळवले आहेत आणि बाणभट्टाचा एखादा समास पान उलटून पुढल्या पानावर संपताना पाहिला आहे, त्याला 'डोनाउडांफशिफफार्ट्सगेझेलशाफ्ट' या शब्दाने घाबरण्याचे प्रयोजन उरत नाही. डोनाउ म्हणजे डॅन्यूब नदी, डांफ म्हणजे वाफ, शिफ म्हणजे जहाज, फार्ट म्हणजे प्रवास आणि गेझेलशाफ्ट म्हणजे मंडळी, अर्थात डॅन्यूब नदीवर वाफेची जहाजे चालविणारी मंडळी. आणि अशी मंडळी १८२९ साली व्हिएन्ना येथे खरोखरीच स्थापन झालेली असल्यामुळे या शब्दावर कल्पनाविलासाचा आरोपही ठेवता येत नाही. लांब शब्द आपली सर्व कैफियत स्वतःच सांगून टाकतो. दगा देतात ते दोनचार अक्षरांचे, चेहऱ्याने ओळखीचे वाटणारे, वाटेत नमस्कार करून जवळ येणारे आखूड शब्द.

वरच्याच समासातील चौथे पद घ्यावे. चार जणांच्या संगतीत अत्यंत शालीनपणे बसलेले हे 'फार्ट' डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या देशांत एकटे नांदू लागले आणि तेथे त्याला वेग असा अर्थ प्राप्त झाला. डेन्मार्कमधील रस्त्यावर 'फार्टकंट्रोल' अशी पाटी दिसली, तर पुढे वाहनांच्या वेगाची तपासणी चालू आहे एवढेच समजायचे असते. परंतु इंग्रजीत नेमक्या याच अक्षरांचा शब्द एका अशा शारीरिक घटनेचे नाव आहे की जिचा उल्लेख सभ्य मंडळीत होत नाही आणि घटना घडल्यास तिचे पितृत्व कोणी स्वीकारीत नाही. त्यामुळे इंग्रज प्रवासी ती पाटी पाहताच मोटार थांबवतो, खाली उतरतो आणि पाटीला टेकून छायाचित्र काढून घेतो. त्याच्या वाहनाचा वेग या निमित्ताने शून्यावर येत असल्याने पाटीचा मूळ हेतू सफल झाला असे डॅनिश अंमलदारांनी मानावयास हरकत नाही.

नॉर्वेत ट्राँडहाइम शहराजवळ 'हेल' नावाचे एक लहानसे गाव आहे आणि त्याच्या रेल्वे स्थानकावर जुन्या वळणाची 'गोड्स-एक्स्पेडिशन' अशी पाटी आहे. माल चढविण्या-उतरविण्याची कचेरी, असा तिचा निरुपद्रवी अर्थ. इंग्रजी डोळ्यांना मात्र तेथे नरकावर निघालेली देवांची स्वारी दिसते. जर्मन मनुष्य हेच नाव वाचून येथे लख्ख उजेड असावा अशी अपेक्षा करतो, कारण त्याच्या भाषेत 'हेल' म्हणजे उजळ; खुद्द नॉर्वेजियन भाषेत या अक्षरांचा एक शब्द आहे तो सुदैवाचा वाचक आहे; आणि गावाचे नाव तर या कोणत्याच अर्थाने पडलेले नसून कड्याखालच्या कपारीला जुन्या भाषेत जे नाव होते त्यावरून आलेले आहे. तीन देशांचे तीन प्रवासी एकाच गाडीतून उतरून नरकात, उजेडात आणि सुदैवात एकाच वेळी पाय ठेवतात, आणि स्थानकावरील हमालाला त्याचे सोयरसुतक नसते.

या सर्व घोटाळ्याचे मूळ भाऊबंदकीत आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी उत्तर युरोपात, दक्षिण स्कँडिनेव्हिया आणि त्याला लागून असलेला जर्मनीचा उत्तर भाग या मुलखात, या सर्व भाषांचे एकत्र कुटुंब नांदत होते. पुढे कोणी समुद्र ओलांडून इंग्लंडात गेले, कोणी आइसलंडास गेले, कोणी दक्षिणेकडे आल्प्सच्या पायथ्यापर्यंत पसरले, आणि वडिलोपार्जित शब्दांच्या वाटण्या झाल्या. 'विद्यापीठ' किंवा 'तारायंत्र' या अर्थाचे भारदस्त शब्द मागाहून लॅटिन-ग्रीकमधून खरेदी केलेले असल्यामुळे त्यांची कागदपत्रे सर्वांच्या दफ्तरी सारखीच आहेत. तंटा आहे तो घर, कुंपण, पाणी, जनावर, मी, तू, कोण, कुठे या रोजच्या वापरातील चिजांचा, कारण त्यांचे वाटणीपत्र कोणी लिहून ठेवले नाही आणि प्रत्येक हिस्सेदार आपल्या ताब्यातील तुकड्यालाच मूळ वतन समजत आला.

एका शब्दाची वाटणी तर इतकी यथासांग झाली आहे की एखाद्या कसलेल्या कुलकर्ण्यानेही ती याहून चोख केली नसती. मूळ शब्दाचा अर्थ होता कुंपण. जर्मनाने 'त्साउन' या उच्चाराने कुंपण तेवढे आपल्याकडे ठेवून घेतले. डच मनुष्याच्या वाट्याला कुंपणाच्या आतली बाग आली. त्याचा 'तुइन' फुलझाडांचा असतो. आइसलंडच्या शेतकऱ्याने घराभोवतालचे गवताचे कुरण घेतले आणि त्याला तो 'तून' म्हणतो. राहिला इंग्रज, त्याने कुंपणाच्या आत उठलेली सारी वस्तीच्या वस्ती आपल्या नावावर चढवून घेतली आणि तिला 'टाउन' म्हटले. आरंभी घरचे आवार, मग वाडी, मग गाव आणि शेवटी शहर अशी ही चढती कमान आहे, आणि इंग्रजांचा पुढला इतिहास पाहता एका कुंपणापासून एवढा मुलूख संपादन करण्याच्या या रीतीचे आपणांस तरी आश्चर्य वाटू नये.

पाण्याच्या वाटणीत मात्र सरळ अदलाबदल झाली आहे. डच भाषेत 'झे' म्हणजे समुद्र आणि 'मेर' म्हणजे सरोवर. जर्मन भाषेत 'मेर' म्हणजे समुद्र, आणि 'झे' हा शब्द पुल्लिंगी असेल तर सरोवर व स्त्रीलिंगी असेल तर पुन्हा समुद्र. म्हणजे जर्मनीत मनुष्य गोड्या पाण्यात बुडतो आहे की खाऱ्या, हे व्याकरणातील लिंग चुकले तर निश्चित सांगता येत नाही. या दोन देशांच्या किनाऱ्याला लागून जो एकच उथळ समुद्र आहे त्याला डच लोक 'वाडनझे' म्हणतात आणि जर्मन लोक 'वाटनमेर' म्हणतात. आणि एवढ्यावर निभावले असते, पण जर्मनांनी हॅनोव्हरजवळच्या एका सरोवराला 'श्टाइनहुडर मेर' असे नाव देऊन स्वतःच्याच कायद्याचा भंग करून ठेवला आहे. डच लोकांचे वर्तन त्यामानाने सरळ. देशाच्या पोटात शिरलेल्या 'झाउडरझे' नामक उपसागराच्या तोंडावर त्यांनी ३२ किलोमीटर लांबीचा बांध घातला; १९३२ साली बांधाचे तोंड बंद झाले, नद्यांच्या पाण्याने आतले खारे पाणी हळूहळू गोडे होऊ लागले, आणि सरकारने त्या जलाशयाच्या नावातील 'झे' काढून 'आइसलमेर' असे नवे नाव रुजू केले. पाणी बदलले म्हणून शब्द बदलण्याची ही सचोटी विरळा होय. आपण कोयनेचे पाणी अडवले आणि त्याला शिवसागर म्हटले, पैठणजवळ गोदावरी अडवली आणि तिला नाथसागर म्हटले. चव घेऊन पाहण्याची आपल्याला कधी गरज भासली नाही.

'गिफ्ट' या शब्दाची हकीगत सर्वश्रुत आहे, तरी तिचा पूर्वार्ध सहसा कोणी सांगत नाही. इंग्रजीत देणगी, जर्मनीत विष, आणि स्कँडिनेव्हियात विष तर आहेच, शिवाय विवाहित. तिन्ही अर्थांच्या मुळाशी देणे हीच क्रिया आहे. कन्या दिली जाते, म्हणून तिकडे विवाहित. आणि कन्यादान पाहिलेल्या वाचकास हे अधिक फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही. प्राचीन इंग्रजीतसुद्धा या शब्दाचा नोंदलेला अर्थ वाढदिवसाची भेट असा नसून वधूसाठी मोजलेले मूल्य असा आहे, आणि जर्मन भाषेत आजही 'मिटगिफ्ट', म्हणजे सोबत दिलेले, असा एक शब्द शिल्लक आहे. त्याचा मराठीत एकच प्रतिशब्द होतो, तो म्हणजे हुंडा. विषाचा अर्थ आला तो वैद्यांच्या दारातून. ग्रीक भाषेत औषधाच्या मात्रेला 'दिलेले' या अर्थाचा शब्द होता, त्याच्या धर्तीवर जर्मन वैद्य मात्रेला 'गिफ्ट' म्हणू लागले, आणि मात्रा घेतल्यानंतर रोग्यांचे जे होत असे ते पाहून लोकांनी शब्दाचा अर्थ कायम केला. स्कँडिनेव्हियात विवाह आणि विष यांची अक्षरे एकच असल्यावर विनोद करण्याचा मोह तेथील प्रत्येक पिढीतील पुरुषांना होतो, आणि तो विनोद प्रत्येक पिढीत घरी नामंजूर होतो.

काही शब्दांना नव्या मुलखात बढती मिळाली, काहींची पायरी उतरली. जर्मन 'क्नेश्ट' अद्याप शेतावर गडी आहे, त्याचाच सख्खा भाऊ इंग्लंडात 'नाइट' होऊन नावामागे 'सर' लावून हिंडतो. जर्मन 'क्नाबे' साधा मुलगा राहिला, इंग्रज 'नेव्ह' लबाड निघाला. जर्मनीत 'झेलिश' म्हणजे धन्य, पुण्यवान. इंग्रजीत तोच शब्द पुण्यवानापासून भोळा, भोळ्यापासून बावळट असा उतरत उतरत 'सिली' झाला. या प्रवासाला कोणते व्याकरण जबाबदार आहे हे सांगता येत नाही. जग जबाबदार असावे. इंग्रजीतील 'डिअर' हा शब्द तेवढा आपल्या घरचा वाटतो. जर्मन 'टीर', डच 'दीर' आणि स्वीडिश 'यूर' यांचा अर्थ कोणतेही जनावर असा असून इंग्रजांच्या शिकारी सरदारांनी त्याचा संकोच करून एकट्या हरणावर तो आणून ठेवला. संस्कृतातील 'मृग' याच वाटेने गेला: मृगराज हा हरणांचा राजा नव्हे, आणि मृगयेस निघालेले राजे वराहही मारून आणीत, तरी आज मृग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हरीण तरी येते किंवा पाऊस तरी येतो.

आता सर्वांत आखूड शब्दांकडे वळतो, कारण खरी अराजकता तेथे आहे. इंग्रजीत 'हू' म्हणजे कोण. डच भाषेत 'हू' म्हणजे कसे. डच भाषेत 'वी' म्हणजे कोण. जर्मन भाषेत 'वी' म्हणजे कसे. आणि इंग्रजीत, तसेच डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिश भाषांत 'वी' म्हणजे आम्ही. जर्मनाने 'वेर' म्हटले तर तो कोण असे विचारतो, इंग्रजाला 'कुठे' असे ऐकू येते. जर्मनाने 'वो' असे लिहिले तर त्याला कुठे असे विचारायचे असते, इंग्रजाला तेथे एक अक्षर गळालेले 'कोण' दिसते. म्हणजे दोघे शेजारी परस्परांस अत्यंत आस्थेने प्रश्न विचारू शकतात आणि दोघेही भलत्याच प्रश्नाचे बिनचूक उत्तर देऊ शकतात. मूळ घराण्यात हा गोंधळ नव्हता. कोण, कुठे, कसा, कधी, किती, का, अशी प्रश्नांची सारी फौज मराठीने आजतागायत एका 'क'च्या निशाणाखाली ठेवली आहे, आणि संस्कृतातही तीच शिस्त होती. जर्मानिक कुळात 'क'चा 'ह' झाला आणि त्याच्या पाठीशी एक ओठांनी काढायचा 'व' उभा राहिला. मग ज्याने त्याने त्यातले एकेक काढून टाकले: इंग्रजाने 'हू' म्हणताना 'व' सोडला, जर्मनाने 'वेर' म्हणताना 'ह' सोडला, आणि डच मनुष्याने 'वी'मध्ये 'ह' व 'हू'मध्ये 'व' सोडून दोन्ही पक्षांचे समाधान केले. डॅनिश लोक लिहिताना दोन्ही अक्षरे लिहितात आणि बोलताना एक खातात. असे करणाऱ्यास आपल्याकडे सावध म्हणतात.

सर्वनामांचे प्रकरण याहून नाजूक. 'एर' हा जर्मन भाषेत 'तो' आहे, डॅनिश व नॉर्वेजियन भाषांत 'आहे' आहे, स्वीडिशमध्ये 'तुम्हांला' आहे, आणि इंग्रजी पुस्तकांत जेव्हा एखाद्या पात्राला काय बोलावे ते सुचत नाही तेव्हा ते पात्र हेच काढते. 'नी' म्हणजे स्वीडनमध्ये तुम्ही आणि डेन्मार्कमध्ये नऊ. एक उभी रेघ काढून लिहिले जाणारे जे मोठे अक्षर इंग्रज स्वतःसाठी राखून ठेवतो, तेच मोठे अक्षर डॅनिश भाषेत 'तुम्ही सर्व' या अर्थाने लिहितात. इंग्रजाच्या कागदावर 'मी' एकटा ताठ उभा असतो, तर डॅनिश कागदावर तोच मान समोरच्या मंडळींस दिलेला असतो. राष्ट्रस्वभावाविषयी सिद्धांत मांडण्याची ज्यांना हौस आहे त्यांनी येथे थांबू नये, कारण त्याच रेघेचे लहान अक्षर डॅनिशमध्ये केवळ 'आत' या अर्थाचे आहे आणि सिद्धांत त्यात अडकतो. इंग्रजांच्या सर्वनामांची तर एके काळी अशी दशा झाली होती की तो, ती आणि ते लोक यांची रूपे ऐकण्यात जवळजवळ एक झाली. तेव्हा 'ते लोक' या अर्थाचा 'दे' हा शब्द त्यांनी आपल्यावर स्वारी करून आलेल्या आणि पुढे शेजारीच वस्ती केलेल्या उत्तरेकडील दर्यावर्दींकडून उसना घेतला. लुटारूंनी लुटीच्या मोबदल्यात सर्वनाम ठेवून जाण्याचे उदाहरण इतिहासात फारसे आढळत नाही.

आखूडपणाची परिसीमा पाहावयाची तर डेन्मार्कच्या जटलंड प्रांतात जावे. तेथल्या बोलीत मी ओढ्यातल्या बेटावर आहे, हे सांगण्यास एकही व्यंजन खर्ची घालावे लागत नाही. नऊ स्वर एकापुढे एक काढले की काम होते. ओढ्याला 'ऑ' आणि बेटाला ओठ गोल करून काढलेला 'ए', एवढीच तेथे मालमत्ता. बेटाचा शब्द पाण्याच्या शब्दापासूनच निपजलेला असून दोघांचे नाते मायलेकीचे आहे. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर तर अख्ख्या गावाचे नाव 'ऑ' आहे.

दिसण्यात एक आणि असण्यात दोन, अशा शब्दांचा माझ्या मते शिरोमणी 'मिस्ट' होय. इंग्रजीत धुके, जर्मनीत शेणखत. पर्वतावरील प्रभातसमयीच्या 'मिस्ट'चे वर्णन इंग्रज कवी करू लागला की जर्मन श्रोता नाकाला रुमाल लावण्याच्या बेतात येतो. येथे एकाच शब्दाची वाटणी झालेली नाही. दोन निराळ्या कुळांतले शब्द झिजत झिजत एका चेहऱ्याचे झाले आहेत. आणि गंमत अशी की दोन्ही कुळांचे दाखले संस्कृताच्या दफ्तरात अद्याप शाबूत आहेत. इंग्रजी 'मिस्ट' ज्या धातूचा, त्याच धातूचा आपला 'मेघ'. जर्मन 'मिस्ट' ज्या धातूचा, त्याच धातूचा 'मेह', जो आपणांस मधुमेहामुळे दुर्दैवाने परिचित आहे आणि ज्याचा अर्थ मूत्र असा आहे. संस्कृताने एका 'घ' आणि एका 'ह'च्या बळावर यक्षाचा दूत व वैद्याचा रोगी यांना वेगळे ठेवले. हा भेद पुसला गेला असता तर कालिदासाच्या काव्याचे नाव उच्चारण्यापूर्वी प्राध्यापकांना वर्गावर एकवार नजर फिरवावी लागली असती.

असले दाखले काढून कज्जांचा निकाल लावणारे पहिले मुन्सफ दोन. त्यांपैकी डॅनिश पंडित रास्मुस रास्क याने जर्मानिक भाषांतील व्यंजनांच्या पालटाची शिस्त १८१८ साली ग्रंथरूपाने मांडली. पण ग्रंथ पडला डॅनिश भाषेत. याकोब ग्रिम याने तीच गोष्ट १८२२ साली जर्मन भाषेत विस्ताराने सांगितली आणि नियमाला नाव ग्रिमचे पडले. थोड्या लोकांच्या भाषेत आधी लिहिण्यापेक्षा पुष्कळांच्या भाषेत मागाहून लिहावे, हा व्यवहार मराठी ग्रंथकारांस शिकवण्याची गरज नाही. रास्क मात्र नियमाच्या मालकीसाठी भांडत बसला नाही. तो रशिया आणि इराण पालथे घालून १८२० साली मुंबईस येऊन पोहोचला, पारशी विद्वानांत बसला, आणि अवेस्ताची हस्तलिखिते मिळवून ती कोपनहेगनला घेऊन गेला.

तरी एक तक्रार निकालावाचून राहिली होती. नियमाप्रमाणे पाहता बाप, आई आणि भाऊ या तिघांच्या नावांतील मधला 'त' सारखाच बदलावयास हवा. पण जर्मन भाषेत 'फाटर' आणि 'मुटर' यांत 'ट' राहिला आणि 'ब्रूडर'मध्ये 'ड' आला. इंग्रजांनी पुढे तिघांनाही एकाच सुरात म्हणून पुरावाच नष्ट केला. घरात भावालाच वेगळी वागणूक का, या प्रश्नाने पन्नास वर्षे पंडितांना छळले. अखेर १८७५ साली कार्ल व्हर्नर नावाचा डॅनिश तरुण ओर्हूस येथे असताना एके दुपारी प्रकृती बरी नाही म्हणून आडवा झाला आणि झोप यावी म्हणून त्याने बॉप नावाच्या भाषापंडिताचे तौलनिक व्याकरण हाती घेतले. पुस्तक या कामासाठी उत्तम निवडले होते. परंतु उघडलेल्या पानावर संस्कृतातील 'पितर्' आणि 'भ्रातर्' हे दोन शब्द स्वरचिन्हांसह ठळकपणे समोर आले, आणि त्याच्या ध्यानात आले की वैदिक उच्चारात पित्याच्या शब्दावरील आघात शेवटच्या अवयवावर आहे व भावाच्या शब्दावरील आघात पहिल्या अवयवावर आहे. मातेचा आघातही पित्याप्रमाणेच शेवटी. आघाताची जागा निराळी म्हणून व्यंजनाचे नशीब निराळे. झोपेचे खोबरे झाले आणि भाषाशास्त्राला व्हर्नरचा नियम मिळाला. हे उदात्त-अनुदात्त स्वर त्या काळी पुण्या-नाशकातील वैदिकांना पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत होते, एकाही स्वराची चूक ते खपवून घेत नसत. परंतु जेवणोत्तर झोप न येण्याचा प्रसंग त्यांच्यापैकी कोणावर ओढवल्याचे ऐकिवात नाही.